आधी पाणी, मग तेल

आमच्या कारखान्यात तेल आणि पाणी एकत्र घुसळायचं जे मशीन होतं, त्याला आम्ही म्हैस म्हणायचो. म्हैस सुरू झाली की डोंबिवली एमआयडीसीच्या फेज टूमधले कावळे उठायचे ते थेट बदलापूरला जाऊन बसायचे. माझ्या टेबलावरचा चहा कपातल्या कपात घुसळून निघायचा, नुसतं लोणी वर यायचं तेवढं बाकी असायचं. हे मी गेली तीस वर्षं लग्नाकार्यात सांगत आलोय आणि लोक हसत आलेत. त्या म्हशीच्या शेजारी, काचेच्या खोलीत, एक माणूस तेच काम जराही आवाज न करता करायचा. त्याच्याबद्दल मात्र मी कुठल्याच लग्नात बोललो नाही.

नव्वदीची सुरुवात असेल. मी कल्याणचा, तो ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातला. दोघंही एकाच दिवशी, एकाच बाकावर मुलाखतीला बसलेलो. शेठनी मला प्रॉडक्शनला घेतलं, कारण माझा आवाज म्हशीच्या वर जायचा. त्याला लॅबमध्ये घेतलं, पण टेंपररी. दर अकरा महिन्यांनी त्याला घरी पाठवायचे आणि आठ दिवसांनी परत बोलवायचे. मी दोन वर्षांत पर्मनंट झालो. तो सहा वर्षं तसाच. त्याच्या घरात बाप-आजा सगळे खाडीत होडी घालणारे, म्हणून मी त्याला नाखवा म्हणायचो. तो मला ‘थापाडे साहेब’ म्हणायचा, तेही सगळ्या कामगारांसमोर, हात जोडून.

आमचा माल म्हणजे इमल्शन. तेलाचे बारीक थेंब पाण्यात असे पसरवायचे की दिसायला दूध दिसलं पाहिजे. कापडवाले न्यायचे, पॉलिशवाले न्यायचे, मलमवाले न्यायचे. भानगड एकच होती. म्हैस तेलाला बडवून बडवून फोडायची, त्यामुळे कुठला थेंब मोहरीएवढा, कुठला भोपळ्याएवढा. भोपळे हळूहळू वर तरंगायचे, ड्रमवर साय धरायची आणि गिऱ्हाईक ड्रम परत पाठवायचं. परत आलेले ड्रम आम्ही गेटजवळ रचायचो. एके वर्षी ती भिंत इतकी उंच झाली की वॉचमनला त्यावरून हाजीमलंगचा डोंगर दिसायचा.

नाखव्याने कुठल्याशा मासिकात वाचलं की जपानात तेलाला बडवत नाहीत. बारीक भोकांच्या भिंतीतून ते हळूच दाबतात. भिंतीच्या पलीकडून पाणी वाहत असतं, प्रत्येक भोकातून थेंब फुगतो, बाहेर डोकावतो आणि पाणी त्याला घेऊन जातं. भोकं सारखी, म्हणून थेंब सारखे. आता असली भिंत डोंबिवलीत कुठून आणायची? तर शेठनी प्रदर्शनातून पाणी गाळायचं एक परदेशी नळकांडं आणलेलं, ते कपाटात धूळ खात पडलं होतं. नाखव्याने ते करवतीने कापलं. आतून निघाल्या शेवया. पांढऱ्या, केसापेक्षा जरा जाड, आणि प्रत्येक शेवई आतून पोकळ. तिच्या अंगभर डोळ्यांना न दिसणारी भोकं.

“ही आपली भिंत,” तो म्हणाला.

“हिला भिंत म्हणतोस? माझी सासू याची खीर करेल.”

“तेल बाहेरून दाबायचं, पाणी आतून सोडायचं. थेंब आत पडतील.”

त्याने हजार-बाराशे शेवया एका पारदर्शक नळीत सरळ भरल्या आणि दोन्ही टोकांना गोंद ओतून त्यांची जुडी पक्की केली. लिहिताना हे एका वाक्यात झालं, त्याला मात्र आठ महिने लागले. गोंद शेवयांच्या तोंडात शिरायचा, नाहीतर एखादी शेवई कुठेतरी चिरलेली असायची आणि तिच्यातून तेल बदाबदा यायचं. एक चिरलेली निघाली की सगळी जुडी वाया. जुडी पाच वेळा बांधली आणि पाच वेळा फेकली. सहाव्या वेळेला तो ती घरी घेऊन गेला, आईकडे.

त्याची आई जन्मभर जाळी विणलेली बाई. खाडीत मासळी उरली नव्हती, जाळी कुणी मागत नव्हतं, पण डोळे आणि बोटं तशीच होती. तिने परातीत पाणी घेतलं. जुडीचं एक टोक बंद, दुसरं टोक पाण्यात. नाखवा सायकलच्या पंपाने नळीत हळूहळू हवा भरत होता. चिरलेल्या शेवईच्या तोंडातून बुडबुडा यायला हवा. मी तिथेच बसलेलो. मला तर खसखशीएवढी बाराशे तोंडं आणि चमकणारं पाणी यापलीकडे काही दिसेना. म्हातारीने बोट ठेवलं. “यो.” मग दुसरीकडे. “यो पन.” सुकटाच्या काट्याच्या टोकावर गोंदाचा थेंब घेऊन तिने त्या दोन तोंडांना बुचं बसवली. सातासमुद्रापलीकडच्या शास्त्रज्ञांनी हे पाहिलं असतं तर चेंदणीच्या धक्क्यावर रांगेत उभे राहून सुकट विकत घेतलं असतं.

दुसऱ्या दिवशी जुडी चालली. मी म्हैस बंद करून बघायला गेलो. नळीच्या एका टोकाने साबणाचं पाणी आत जात होतं, स्वच्छ, आरपार दिसणारं. दुसऱ्या टोकाने दूध येत होतं. कसला आवाज नाही, काही नाही. त्याने एक थेंब काचेवर घेतला आणि मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. मी आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसलो असेन. सगळे ठिपके सारखे. एकसुद्धा भोपळा नाही. ते नुसते थरथरत होते, एका जागी.

“यात एकच अट आहे,” तो म्हणाला. “शेवईला पहिलं पाणी लागलं पाहिजे. पाणी लागलं की ती पाण्याची होते, मग तेल तिला चिकटत नाही, थेंब सुटून येतो. पण कोरड्या शेवईला पहिलं तेल लागलं, तर ती तेलाची होते. मग थेंब सुटत नाही. तेल भिंतीवरून ओघळत राहतं. आणि ते परत धुऊन निघत नाही.”

त्याने भिंतीवर कागद चिकटवला. ‘आधी पाणी. मग पाणी. मग परत पाणी. मग तेल.’

ठाण्याच्या बाजूची एक औषधांची कंपनी मलमाला इमल्शन शोधत होती. त्यांना आम्ही जुडीची बाटली दिली. महिनाभर त्यांनी ती उन्हात ठेवली, बर्फात ठेवली, हलवली, उलटी केली. बाटलीवर साय आली नाही. त्यांचे साहेब स्वतः आले. शेठ खूश. शेठनी नाखव्याला सगळ्यांसमोर सांगितलं, “एक ड्रम पास झाला की लॅब तुझी. पर्मनंट. लेटर मी स्वतः देतो.” नाखव्याने मान खाली घातली. मला दिसलं, त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या.

साहेबांनी विचारलं, “ड्रम किती दिवसांत?”

जुडी दिवसाला एक बादली द्यायची. नाखवा तोंड उघडतोय तेवढ्यात मी म्हटलं, “आठ! तेसुद्धा सावकाश केलं तर.”

साहेबांनी डायरीत लिहून घेतलं.

नाखवा बाहेर येऊन मला म्हणाला, “अरे, पंधरा लागतील. कमीत कमी.”

“तू कर सुरू. साहेबाला मी बघतो. साहेब लोकांना गोल फिरवायला मी बसलोय ना?”

सात दिवस तो सकाळी सर्वांआधी यायचा, सर्वांनंतर जायचा. अर्धा ड्रम भरला. आठव्या दिवशी नारळी पौर्णिमा होती. त्याचे वडील आदल्या वर्षी गेलेले, खाडीला नारळ आता त्यानेच द्यायचा होता. तरी तो जायला तयार नव्हता.

“जा रे,” मी म्हटलं. “तुझा नारळ चुकला तर दर्या माझ्या घरात शिरेल. कल्याणला!”

“साहेबाला फोन करून अजून सात दिवस मागून घेशील?”

“घेतो.”

“उद्या जुडीला हात लावू नको. पाण्याने भरलेली आहे, तशीच राहू दे.”

“नाखवा, मी काय लहान आहे?”

मी फोन केला नाही. करायचं ठरवलं होतं, पण आठ म्हटलेल्या तोंडाने पंधरा कसं म्हणायचं, ते काही सुचलं नाही.

साहेब पौर्णिमेच्या दिवशी अकरा वाजता न सांगता हजर झाले. शेठ बाहेरगावी गेलेले. साहेब म्हणाले, “बघू तरी तुमची ती जादू.” आणि मी? मला वाटलं, नळी जरा चकाचक दिसली पाहिजे. मी साहेबांना चहा दिला आणि चहा होईस्तोवर नळीतलं पाणी काढून ती आतून-बाहेरून हवेने फुंकून, पुसून लख्ख केली. मग साहेबांसमोर उभा राहिलो आणि बोलायला लागलो. या शेवया जपानच्या राजाच्या कारखान्यातल्या, याच्यातून निघालेला थेंब चंद्रावर नेला तरी फुटणार नाही, असं काय काय. साहेब हसून म्हणाले, “अहो, बोलता काय, चालू करून दाखवा.” माझ्या हाताशी होता तेलाचा वॉल्व्ह. मी तो फिरवला. कागद माझ्या नाकासमोर होता.

दूध आलं नाही. पाणी सोडलं, तेव्हा पाण्यावर पिवळे धागे आले.

“गरम होतंय अजून,” मी म्हटलं. “चला, जेवून येऊ.”

साहेबांना स्टेशनाजवळ जेवू घातलं, वाटेला लावलं. जाताना ते म्हणाले, “उद्या सकाळी आठला टेंपो पाठवतो.” मी परत येऊन जुडी धुवायला बसलो. साबणाने धुतली, गरम पाण्याने धुतली, शेवटी स्पिरिट ओतलं. स्पिरिटने गोंद मऊ पडला आणि टोकाच्या शेवया माझ्या हातात सुटून आल्या. आठ महिने, पाच जुड्या, म्हातारीचे डोळे. मी सांगतो, तिथेच बसलो असतो, दुसऱ्या दिवशी तो आल्यावर पाय धरले असते, तर त्याने मला दोन शिव्या घालून सातवी जुडी बांधायला घेतली असती. त्याला एवढंच पुरलं असतं.

पण मी उठलो आणि म्हैस सुरू केली. तेल तेच, साबण तोच, रंग तोच. दूध ते दूध. अर्धा ड्रम त्याचा होता, त्यावर अर्धा मी माझा ओतला आणि झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी तो नऊला आला. टेंपो गेलेला. हातात डबा, आईने माझ्यासाठी दिलेला नारळीभात.

“ड्रम कुठाय?”

“गेला.”

“अर्धाच पाठवलास?”

“अर्धा कसला? भरून पाठवला. तुझ्या जुडीने काल कमाल केली, नाखवा. कॉलेजातल्या पोरीसारखी पळत होती. शेवटी दमली बिचारी, गोंद सुटला.”

त्याने डबा टेबलावर ठेवला. मग हळूच विचारलं, “पहिलं पाणी सोडलेलंस ना?”

“सोडलेलं म्हणजे काय! तुझ्या कागदापेक्षा दोन वेळा जास्तच.”

त्याने मला मिठी मारली. आम्ही दोघांनी तो भात एकाच डब्यात खाल्ला.

तीन दिवसांनी तो जुनी जुडी उकलायला बसला, गोंद कुठे चुकला ते बघायला. मी काचेतून बघत होतो. त्याने एक शेवई बोटांत धरली, चोळली, नाकाशी नेली. मग दुसरी घेतली. मग मधली एक. नंतर तो बेसिनपाशी गेला आणि हात धूत राहिला. खूप वेळ. माझ्याकडे वळून बघितलं नाही. मला वाटलं, कळलं नसावं. माणूस स्वतःला किती सहज फसवतो, या विषयावर माझं मोठं प्रभुत्व आहे.

दहाव्या दिवशी ड्रम परत आला. वर चार बोटं साय. साहेब शेठच्या केबिनमध्ये बसलेले, टेबलावर दोन बाटल्या, एक नमुन्याची आणि एक ड्रममधली. “नमुना एक दाखवायचा आणि माल दुसरा द्यायचा, याला काय म्हणतात?” ते शेठना विचारत होते. शेठनी आम्हा दोघांना उभं केलं.

“काय झालं?” शेठनी विचारलं. “कुणी केलं?”

माझी बायको तेव्हा आठव्या महिन्यात होती, हे मी सांगून टाकतो. निमित्त म्हणून सांगत नाही. बरं, निमित्त म्हणूनच सांगतोय.

नाखवा बोलला नाही. मीही बोललो नाही. बाहेर म्हैस बंद होती. मी आयुष्यभर जेवढं बोललो, त्यातलं एक वाक्य तिथे पुरलं असतं. केबिनमधला पंखा फिरत होता, साहेब घड्याळाकडे बघत होते; त्या दिवशी वॉल्व्ह कुणी फिरवला, हे त्यांच्या लक्षातही नसावं.

मग नाखवा म्हणाला, “माझी चूक, शेठ. पहिलं पाणी सोडायला विसरलो. जुडी वाया गेली, म्हणून उरलेला माल मशीनवर काढला.”

“तू विसरलास?” शेठ उभेच राहिले. “तू?”

“हो.”

शेठनी त्याला महिन्याचा पगार देऊन त्याच दिवशी काढला. तो कागद भिंतीवरून उतरवून, घडी करून खिशात घालत होता तेव्हा मी लॅबमध्ये गेलो. मी म्हटलं, “नाखवा, तू कशाला...”

“मी थोडा वेळ गप्प उभा होतो,” तो म्हणाला. “तू बोलशील म्हणून उभा होतो.”

आणि गेला. गेटपर्यंत मी मागून चाललो. कोपऱ्यावर तो रिक्षात बसला, मी हाक मारली, माझ्या त्या म्हशीवर जाणाऱ्या आवाजात. फेज टूमधले सगळे वळले. तो वळला नाही.

सहा-सात महिने मी ठाण्याला उतरलो नाही. ठाण्याला जायचं काम आलं की दुसऱ्या कुणाला पाठवायचो. मुलगी झाली, बारसं झालं, सगळ्यांना पेढे वाटले. मग एका रविवारी काय झालं कुणास ठाऊक, उठलो आणि चेंदणीला गेलो. म्हातारी ओट्यावर बोंबील वाळत घालत होती.

“आलास रं? बस. पोर माजा गुजरातेत गेला. कारखान्यात, पाळ्या करतंय. तुला म्हाईत नाय?”

मला माहीत नव्हतं. तिने चहा ठेवला. माझ्या मुलीबद्दल विचारलं. मग तीच पदर सावरत म्हणाली, “त्याच्या चुकीपायी तुजी पन मान खाली गेली असंल. पोर सांगून गेला माना. पानी सोराला इसरला. असा कसा इसरला रं? मी त्याला इचारलं, तर बोलतंय, आई, इसरतो मानूस.”

मी चहाचा कप खाली ठेवला आणि सांगितलं. सगळं. साहेब, चहा, वॉल्व्ह, स्पिरिट, म्हैस, केबिन. एकही शब्द वाढवला नाही, एकही गाळला नाही.

म्हातारी ऐकत राहिली. मग हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांना पदर लावला. “अगं ए,” तिने शेजारणीला हाक मारली, “ये बघ यो! माज्या पोराची चूक आपल्या अंगावर घेतंय! यवरा खोटा मानूस मी जल्मात नाय पायला.” आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, “खोटा तर खोटा, पन दोस्त हाय रं तू त्याचा.”

शेजारीण दारात येऊन कौतुकाने बघत होती. म्हातारीच्या चेहऱ्यावर, मुलगा गेल्यापासून पहिल्यांदा असेल, असं काहीतरी आलेलं. मला ते दुसऱ्यांदा सांगता आलं असतं. मुलीची शपथ घेता आली असती. मी चहा प्यायलो.

“थांब,” ती आत जाऊन अंतर्देशीय पत्र घेऊन आली. “माना लिवता येत नाय. तूच लिव त्याला.”

मी ओट्यावर बसून लिहिलं. ती सांगत गेली. तब्येत बरी आहे. गुडघा दुखतो. बोंबील सुकलेत, कुणी येणारं असलं तर पाठवते. “आनि लिव, तुजा दोस्त आलता. तुजी चूक आपल्यावर घेत व्हता. असा दोस्त नशिबाने भेटतो. त्याला इसरू नको.”

पेन थांबलं.

“लिवलंस?”

“लिहितोय.”

मी लिहिलं. तिने सांगितलं तसं, तिच्या शब्दांत. तिने वाचून दाखवायला लावलं, मी वाचून दाखवलं. पत्ता तिने ट्रंकेतल्या चिठ्ठीवरून दिला, गल्लीच्या तोंडावरच्या पेटीत मी ते स्वतः टाकलं.

दीड महिन्याने परत गेलो तेव्हा त्याचं उत्तर आलेलं होतं. तिने ते वाचून घ्यायला माझ्यासाठीच ठेवलेलं. मेसचं जेवण तिखट असतं. पुढच्या महिन्यात येतो. गुडघ्याला तेल लावत जा. खाली, सहीच्या आधी, एक ओळ होती, तिच्यासाठी नसलेली. ‘पत्राचं अक्षर ओळखलं.’

“तुज्यासाठी काय लिवलंय?” म्हातारीने विचारलं.

“आठवण काढलीय,” मी म्हटलं.